राखेचं पाणी

आमच्या सोसायटीत गुलाबबाईंना न घाबरणारा एकच प्राणी होता, तो म्हणजे मुंगी. बाकी आम्ही सगळे त्यांना वचकून असायचो. जिन्यात मुंग्यांची रांग दिसली की गुलाबबाई थांबायच्या आणि मागून येणाऱ्यालाही थांबवायच्या. एकदा सिलिंडरवाला भरलेलं सिलिंडर खांद्यावर घेऊन त्यांच्यामागे घामाघूम उभा होता. तो म्हणाला, "आजी, जाऊ द्या ना." गुलाबबाई म्हणाल्या, "त्यांना पण घरी जायचंय बेटा, तुझ्याइतकी घाई आहे त्यांना." रांग गेली, मग सिलिंडर गेलं.

वय अठ्ठ्याहत्तर, अंग वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखं, अंगावर पांढरी साडी आणि आवाज मात्र दाणा बाजारात ऐकू जाईल असा. दाणा बाजारात त्यांच्या मुलाचं, निर्मलकुमारचं, डाळींचं दुकान आहे. सून लता तीन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात माय-लेक दोघंच, आणि सकाळ-संध्याकाळ कामाला येणारी गुंताबाई. माझं दार त्यांच्या दारासमोर. भुसावळच्या शाळेत जीवशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आणि जळगावात येऊन राहिले. त्या दोन दारांमध्ये पडदा असा कधी नव्हताच. मी गुलाबबाईंना बाईजी म्हणायचे, त्या मला मॅडम म्हणायच्या आणि माझ्या घरच्या कांद्याच्या वासाबद्दल कधी बोलल्या नाहीत. कांदा वर्ज्य मानणाऱ्या जैन बाईच्या दृष्टीने हे फार मोठं मन होतं.

त्यांचं पाण्याचं शास्त्र वेगळं होतं. साधं नळाचं पाणी त्या पीत नसत. सकाळी फडक्याने गाळलेल्या पाण्यात मूठभर राख कालवायची, ढवळायचं, राख खाली बसली की वरचं निवळ पाणी दिवसभर प्यायचं. त्याला त्या धोवन म्हणत. राखेने पाणी निर्जीव होतं, मग ते पिण्यात पाप नाही, असा त्यांचा हिशोब. गॅसच्या घरात राख कुठली? ती गुंताबाई आणायची. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याकडे अजून गोवऱ्यांवर दूध आटवतात. तिथली राख चाळून, डब्यात भरून ती घेऊन यायची. अकरा वर्षं आणत होती.

उरलेलं धोवन दुसऱ्या दिवशी चालत नाही. सूर्य मावळायच्या आत ते टाकून द्यायचं, आणि तेही मोरीत नाही. मोरीत ओल राहते, ओलीत जीव होतात आणि मरतात. कोरडी जागा बघायची, तिथे मुंगी-किडा नाही ना ते निरखायचं आणि मग पाणी हलकेच पसरून ओतायचं. गुलाबबाई रोज संध्याकाळी तांब्या घेऊन गच्चीवर जायच्या. हे मला माहीत होतं, म्हणजे इतकी वर्षं बघून बघून डोळ्यांना सवय झाली होती. सवय झालेली गोष्ट माणसाला दिसत नाही, हेच खरं.

आता त्या झाडाबद्दल. लता धुळ्याला माहेरी गेली असताना तिने ब्रह्मकमळाचं एक पान आणून कुंडीत खोचलं होतं. त्याचं झाड झालं, कमरेइतकं. लोक त्याला कमळ म्हणतात, पण तो निवडुंग आहे. काटे नसलेला, सावलीत राहणारा, आणि ज्याला आपण पान म्हणतो ते खरं तर त्याचं चपटं खोड. हे मी लताला सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली होती, "म्हणजे आमच्या सासूबाईंसारखा. निवडुंग, पण काटे नाहीत." लता गेली आणि निर्मलकुमारने ते झाड ताब्यात घेतलं. माणूस वाईट नाही. बोलतो कमी, रडताना तर कोणी पाहिलंच नाही. दुःख कुठे ठेवावं हे त्याला कळलं नाही, ते त्याने त्या कुंडीत ठेवलं. आठवड्यातून एकदा, रविवारी, तो स्वतः पाणी घालायचा. दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा घरचा नियम.

यंदाच्या पावसाळ्यात ते झाड पिवळं पडायला लागलं.

पर्युषण सुरू होण्याच्या आदल्या दिवशी निर्मलकुमार माझ्या दारात आला. चेहरा असा की मला वाटलं बाईजींना काही झालं. "मॅडम, जरा येता? झाड जातंय." मी चष्मा घेऊन गेले. त्यांच्या स्वयंपाकघराला लागून झाकलेली गॅलरी आहे, तिथे कोपऱ्यात ती मोठी कुंडी. आत मातीवर कडेकडेने लताने विटांचे तुकडे पसरले होते, माती उडू नये म्हणून. वरची पानं अजून हिरवी होती. खालची मात्र हळदीच्या दुधासारखी पिवळी.

मी म्हटलं, पिवळं पिवळं करून घाबरू नका, पिवळ्याचेही प्रकार असतात. आपल्याकडच्या उन्हाने करपलेलं पान वरच्या बाजूने लालसर होतं आणि कोरडं पडतं. हे तर सावलीत आहे, आणि खालून पिवळं आहे. तहानलेलं असतं तर सुरकुतलं असतं. कीड असती तर सांध्यांत पांढरा कापूस दिसला असता. मी पान दाबून पाहिलं. बोट आत गेलं, पिकल्या केळ्यात जावं तसं. मातीवर करड्या-पांढऱ्या रंगाचा पापुद्रा धरला होता. तो मी जळगावच्या जड पाण्याच्या नावावर टाकला, आमच्या बादल्यांवरही तसलेच डाग असतात. मग मी त्यांच्या केरसुणीची एक काडी मोडली आणि खोल मातीत खुपसून बाहेर काढली. काडी ओली चिंब होती आणि तिला कुजका वास येत होता.

"पाणी जास्त झालंय," मी म्हटलं. "मुळं कुजताहेत. ओंजळभर पाणी आठवड्याला पुरतं त्याला, तुम्ही किती घालता?"

"दोन रविवार झाले, मी घातलंच नाही," निर्मलकुमार म्हणाला. "पिवळं दिसलं म्हणून बंद केलं."

"मग दुसरं कोणीतरी घालतंय."

माझं निदान बरोबर होतं. निदानानंतर आरोपी शोधायचं काम निर्मलकुमारने स्वतःकडे घेतलं. त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे गुंताबाई भांडी घासत होती. तिचे हात थांबले होते, म्हणजे तिने सगळं ऐकलं होतं.

गुंताबाई सातपुड्याच्या पायथ्याची, चोपड्याच्या वरच्या एका पाड्यावरची. घरी पावसावरची जमीन, पाऊस झाला तर दाणे, नाही तर मजुरी. जळगावात आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हती, बाजारात राहून खानदेशी शिकली. लताच्या शेवटच्या महिन्यांत तिला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं हिनेच केलं होतं.

"मी नही टाकं, शेठ," ती म्हणाली. "त्या झाडले मी हात बी नही लावस."

"घरात तिघं. मी नाही घातलं." त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून विचारलं, "माँ, तुम्ही ब्रह्मकमळाला पाणी घालता का?"

आतून ठणठणीत आवाज आला. "मी हरितकायला हात तरी लावते का कधी? काय विचारतोस?" हिरवं झाड म्हणजे जीव, त्याला शिवलं तरी त्याला पीडा होते, असं त्या मानत. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला.

"मग उरलं कोण?" निर्मलकुमार म्हणाला. "घातलं असेल तर घातलं म्हण. मी काही बोलणार नाही. पण खोटं बोलू नको."

"लताभाभीनं झाड शे ते," गुंताबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "मी मारसू का तेले?"

"मग खरं सांग."

मी मध्ये पडले. "अहो निर्मलभाऊ, नाही म्हणते ना ती." पण त्याला ऐकायचं नव्हतं, त्याची नजर त्या पिवळ्या पानांवर होती. गुंताबाईने हात पुसले. कमरेला खोचलेली घराची किल्ली काढून ओट्यावर ठेवली, चपला घातल्या आणि जिना उतरून गेली. भांडी अर्धी घासलेली राहिली. दुसऱ्या दिवशी कळलं की ती मुलीकडे, रोशनीकडे, पाड्यावर निघून गेली. आणि सोसायटीत झाडलोट करणाऱ्या बायकांपर्यंत एव्हाना बातमी पोचली होती, तिखटमीठ लावून. कोणी म्हणालं पाणी, कोणी म्हणालं चांदीची वाटी चोरली.

निर्मलकुमारने तसं का विचारलं आणि पुढे काय झालं, यातलं गुलाबबाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून अठाई धरली, म्हणजे सलग आठ उपवास. अन्नाचा कण नाही, फक्त ते राखेचं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. आठवा दिवस संवत्सरीचा, त्या दिवशी सगळ्या जीवांची क्षमा मागायची, आणि नवव्या सकाळी पारणं. मी म्हटलं, "बाईजी, या वयात कशाला?" त्या म्हणाल्या, "या वयात नाही तर कधी?"

गुंताबाई जाऊन तीन दिवस झाले आणि मी सहज म्हणून पुन्हा काडी खुपसली. ओली. आधीपेक्षा ओली. निर्मलकुमार म्हणाला, आधीचंच असेल. मला राग आला. श्रावणअखेरचा उकाडा, जळगावची हवा, आणि आधीचं पाणी टिकून राहिलंय म्हणे! तो दुकानात गेला आणि मी वर्तमानपत्र घेऊन त्यांच्या गॅलरीत जाऊन बसले, कपडे वाळत टाकायच्या स्टॅण्डच्या आड. इथे कोण येतं ते मला बघायचंच होतं.

ऊन उतरलं. गुलाबबाई आल्या. भिंत धरत, गुडघा ओढत, एका हातात तांब्या. कुंडीपाशी वाकल्या. आधी विटांच्या तुकड्यांवर मुंगी नाही ना ते निरखून पाहिलं. मग पदराच्या टोकाने, हात न लावता, लोंबणारी पानं अलगद बाजूला केली. इतकं जपून, की आजारी माणसाची चादरही कोणी तशी सरकवणार नाही. आणि तांब्यातलं पाणी कुंडीच्या कडेकडेने, विटांच्या कोरड्या तुकड्यांवर, पसरून ओतलं. एक थेंब झाडाला लागू दिला नाही. "वोसिरे, वोसिरे, वोसिरे," तीनदा म्हणाल्या, म्हणजे सोडलं, माझं राहिलं नाही.

वळताना त्यांना मी दिसले. त्या हसल्या. "गच्चीवर सगळं शेवाळ झालंय, मॅडम. पाय कुठे ठेवू? तोही जीवच. आणि गुडघाही चढू देत नाही. ही जागा बरी सापडली. कोरडी आहे, छताखाली आहे."

करडा पापुद्रा कसला होता ते कळलं. राखेत खार असतो. ब्रह्मकमळाला माती जराशी आंबट लागते, खार मुरला की मुळं अन्न उचलत नाहीत, आणि रोजच्या ओलीने ती कुजतात. दुरून पाहिलं तर कुंडी कोरडी दिसायची, कारण विटांचे तुकडे पाणी लगेच पिऊन टाकायचे आणि खाली मातीला द्यायचे. मुंगीला वाट देणारी बाई रोज संध्याकाळी, झाडाला धक्का लागू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून, त्याच्या मुळांशी विष ओतत होती. आणि तिच्या त्या तांब्यापायी गुंताबाई घराबाहेर गेली होती.

मी निर्मलकुमारला जिन्यातच गाठलं आणि सांगितलं. मला वाटलं आता म्हणेल, चला, गुंताबाईला आणू. तो म्हणाला, "माँला सांगू नका."

"म्हणजे?"

"आज तिसरा उपवास आहे. कळलं की आपल्या हातून जीव गेला, आणि वर गरिबावर आळ आला, तर त्या आठावर थांबायच्या नाहीत. मागे एक कोळी पायाखाली आला तर तीन दिवस उपाशी राहिल्या. इथे तर..." त्याने डोळे मिटले. "डॉक्टरांनी आधीच सांगितलंय, आठाच्या पुढे एक दिवस नको. हात जोडतो मॅडम. पारणं होऊ द्या. मग मी स्वतः जाऊन गुंताबाईला घेऊन येतो."

"आणि पारण्यापर्यंत ती खोटारडी?"

मी त्याच्यावर इतकी चिडले की हातातलं वर्तमानपत्र चोळामोळा झालं. पण आत त्या खोलीत एक म्हातारा जीव नुसत्या पाण्यावर पडलेला, आणि त्या जिवाचं मला काही वाटत नव्हतं असं नाही. मी गप्प बसले. मनावर दगड ठेवणं म्हणजे काय ते त्या दिवसांत कळलं. औषधपाणी करते असं सांगून कुंडी माझ्या घरी आणली आणि त्या जागी एका परातीत कोरडी वाळू भरून ठेवली. "बाईजी, पाणी यात ओतत जा." त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "तुम्हाला आमचा धर्म कळतो हो."

मी कुंडी उलटी केली. मुळं काळी पडून चिखल झाला होता. वरची चार-पाच पानं तेवढी टणक होती.

सहाव्या दिवशी राख संपली. मी त्यांना बघायला गेले तेव्हा गुलाबबाई बिछान्यावर बसून रिकामा डबा हातात घेऊन होत्या. ओठ वाळलेले, डोळे मात्र तसेच धारदार. निर्मलकुमार म्हणत होता, "गुंताबाई गावाला गेलीय, शेतीचं काम आहे. मी आणतो राख."

"अकरा वर्षांत ती न सांगता गेली नाही," गुलाबबाई म्हणाल्या. "राख संपत आली की दोन दिवस आधी भरून ठेवायची. मॅडम, तुम्ही सांगा. तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

निर्मलकुमार माझ्याकडे बघत होता आणि मान हलवत होता, नाही, नाही. गुलाबबाई माझ्याकडे बघत होत्या. मी सांगितलं. काडी, पापुद्रा, विटा, किल्ली, सगळं.

ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मला त्या दिवशी विचारलं होतं. मी काय म्हणाले?"

"हरितकायला हात तरी लावते का कधी, म्हणालात."

"खोटं नाही बोलले."

"नाही."

"आणि तेवढ्यावर तिला जावं लागलं." त्यांनी डबा खाली ठेवला. "निर्मल, तिला बोलाव. माझं पारणं तिच्या हातचं. दुसऱ्या कोणाच्या हातचं नाही."

पारण्याचा पहिला चमचा कोणी द्यायचा, हा त्यांच्यात मोठा मान असतो. धुळ्याहून बाईजींच्या नणंदा, भाचे, मुलगी, सगळे त्याच्यासाठी येणार होते. निर्मलकुमारने फोन लावले. पाड्यावर रेंज नाही. शेवटी रोशनीच्या नवऱ्याच्या फोनवर निरोप पोचला. उत्तर संवत्सरीच्या दुपारी आलं. रोशनीने आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "चोरना हातनं कोन खास?"

मला मनातून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण आतल्या खोलीत आठवा उपवास चालू होता.

त्या दिवशी सगळं गाव एकमेकांना खमत खामणा, म्हणजे क्षमा करा, म्हणत होतं. माझ्याही दारात येऊन चारजण म्हणून गेले, ज्यांनी माझं वर्षभरात काहीच वाकडं केलं नव्हतं. गुलाबबाईंनी प्रतिक्रमण बिछान्यावरूनच केलं. नंतर मला म्हणाल्या, "चौऱ्यांशी लाख जीवांची क्षमा मागितली आत्ता. आणि जी माझ्या घरातून गेली, तिची नाही. मग पारणं कसलं?"

पहाटे निर्मलकुमार स्वतः गाडी घेऊन निघाला. उजाडल्यावर त्याचा एकदा फोन आला, "नाल्याच्या फरशीपुलावरून पाणी चाललंय, पलीकडे जाता येत नाही, थांबलोय." त्यानंतर फोन बंद.

घर पाहुण्यांनी भरलं होतं. चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी तयार होतं, झाकून ठेवलेलं. बायकांनी गाणी म्हणायला सुरुवात केली आणि मग आपोआप थांबवली. पारण्याची वेळ झाली. ती टळली. ऊन गॅलरीत आलं. गुलाबबाईंची मुलगी रडायला लागली, "माँ, एक घोट पाणी तरी घे." त्यांनी मान हलवली. नवव्या दिवशी त्यांनी पाणीही घेतलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन नाडी बघून गेले, आणि बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "फार वेळ काढू नका." जसं काही ते माझ्या हातात होतं.

मुगाचं पाणी दोनदा गार झालं, दोनदा नव्याने गरम केलं.

मी त्यांच्याजवळ बसले होते. त्यांचा हात थंड लागत होता. त्यांनी हळूच विचारलं, "झाडाचं काय?"

"मुळं गेली, बाईजी. वरची पानं कापून घेतलीत. आता आठवडाभर सावलीत ठेवायची, कापलेली जागा सुकेपर्यंत. मग नव्या मातीत लावायची. तोवर पाणी अजिबात नाही."

"म्हणजे त्याचीही अठाई," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने विचारलं, "कापताना दुखलं असेल?"

मी तीस वर्षं मुलांना सांगत आले की झाडाला मज्जासंस्था नसते. त्या घटकेला ते तोंडातून निघालं नाही. "जगेल ते," एवढंच म्हटलं.

जिन्यात पावलं वाजली. सगळे उठून उभे राहिले. निर्मलकुमार आत आला, पांढरी पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. नाला ओसरायची वाट न बघता तो गाडी अलीकडेच सोडून पाण्यातून चालत गेला होता. त्याच्यामागे गुंताबाई, तिचेही पाय पोटऱ्यांपर्यंत मातीचे. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. बाहेरच उभी राहिली, डोक्यावरचा पदर घट्ट धरून, धुळ्याच्या त्या रेशमी साड्यांकडे बघत.

"बठ्ठास्ना मोर सांगा, शेठ," ती म्हणाली. "काय व्हयनं ते." सगळ्यांसमोर, म्हणजे त्या साड्यांसमोरही.

निर्मलकुमारने तोंड उघडलं. आतून गुलाबबाईंनी हात वर केला आणि तो थांबला. त्या उठल्या. मुलगी धरायला गेली, तिला त्यांनी बाजूला सारलं. भिंत धरून, गुडघा ओढत, त्या दारापर्यंत आल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता, तरी खोलीत सगळ्यांना ऐकू गेला.

"झाडात पाणी मी ओतत होते. रोज. या बाईने नाही. माझ्या हातून एक जीव गेला, आणि हिचं नाव गेलं. हिने अकरा वर्षं या घरात दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला नाही." त्यांनी दोन्ही हात जोडले. भिंतीचा आधार सुटला तशा त्या डुलल्या, पण हात खाली आणले नाहीत. "खमत खामणा, गुंताबाई."

गुंताबाई हलली नाही. मला वाटलं, ही आता वळणार आणि जिना उतरणार. तिला तो हक्क होता, आणि मी तिला थांबवणार नव्हते. निर्मलकुमारही हात जोडून उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. लता गेली तेव्हाही न आलेलं.

मग गुंताबाईने डोळे पुसले आणि विचारलं, "हात कोठे धवू?"

कुणीतरी गाळलेल्या पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने पाय धुतले, हात कोपरापर्यंत धुतले, आत आली आणि गुलाबबाईंना धरून बिछान्यावर बसवलं, लताला बसवायची तसं, काखेखाली हात घालून. वाटी हातात घेतली. मुगाचं पाणी नुकतंच तिसऱ्यांदा उकळलेलं, वाफा येत होत्या. मुलगी घाईने म्हणाली, "फुंकर मार, लवकर दे."

गुंताबाईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फुंकर मारायची नसते, हवेतही जीव असतात, हे तिला या घरात अकरा वर्षांपूर्वीच शिकवलं होतं, आणि शिकवणारी समोर बसली होती. तिने चमचा भरला, धरून ठेवला, परत वाटीत सोडला. पुन्हा भरला. सगळं घर श्वास रोखून त्या वाफेकडे बघत होतं. गुलाबबाईंचं डोकं तिच्या खांद्याला टेकलं होतं, डोळे अर्धे मिटलेले. कोणी घाई कर म्हणालं नाही.

वाफ विरली. तिने चमच्याचं बूड स्वतःच्या मनगटाला लावून पाहिलं आणि पुढे केला.

"ल्या, बाईजी."

गुलाबबाईंनी तोंड उघडलं.